दुसऱ्या कंपनीचा व्हेरिएटर आपल्या गाडीला



अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी जा. राहुरीला जा, पाथर्डीला जा, नाही तर श्रीगोंद्याला जा. एसटी स्टँडच्या आसपास एखादे तरी दुचाकीचे गॅरेज असायचेच. तिथे घटकाभर उभे राहिलात तर एक संवाद बहुधा कानी पडेल. जुन्या स्कूटरचे मालक घाम पुशीत विचारतात, "काय निघालं रे, बाळा?" मिस्तरी हातातली काळी पडलेली पुली दाखवतो आणि म्हणतो, "काका, व्हेरिएटर गेला. तुमच्या गाडीचा आता मिळत नाही. दुसऱ्या कंपनीचा आहे माझ्याकडं. बसतोय का बघू?"

काका विचारात पडतात. दुसऱ्याची चप्पल पायात बसते, पण चालताना चावते, हे त्यांना ठाऊक असते. पण गाडी बंद ठेवून भागत नाही. सकाळी दूध डेअरीवर न्यायचे असते. कोणाला वस्तीवरच्या शाळेत घंटेच्या आधी पोचायचे असते. मग ते म्हणतात, "बघ बाबा, बसत असेल तर बसव."

आज आपल्याला बोलायचे आहे ते या 'बसत असेल तर' या तीन शब्दांबद्दल. भाग बसणे म्हणजे काय? नट आवळला गेला, झाकण लागले, इंजिन सुरू झाले, म्हणजे भाग बसला का? की बसणे याचा याहून काही निराळा अर्थ आहे?

विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. बिनगियरची गाडी घरोघर पोचवण्यात नगरचा वाटा मोठा आहे. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली, ती इथे, नगरात तयार होत असे. मूळ आराखडा इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या चाओ या गाडीचा. पन्नास सीसीचे लहानसे इंजिन, गियर नाही, हाताने दाबायचा क्लच नाही. कान पिळला की गाडी चालू लागे. सायकलीपलीकडे ज्यांची मजल गेली नव्हती अशी कितीतरी कुटुंबे लूनाने इंजिनावर आणली. पुढे १९८४ साली याच घराण्याने जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी केली आणि मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला कायनेटिक होंडा ही स्कूटर तयार होऊ लागली. तिच्यात बटण दाबून सुरू होणारे इंजिन होते, आणि आपोआप वेग बदलणारी पट्ट्याची रचना होती. हीच ती व्हेरिएटरची रचना. १९९८ साली होंडाने भागीदारी सोडली. २००८ साली कायनेटिक मोटरचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. गाड्या मात्र लोकांच्या अंगणात राहिल्या. गाडी टिकते, पण तिचे सुटे भाग बाजारातून हळूहळू नाहीसे होतात, आणि मग मिस्तरी विचारतो तो प्रश्न उभा राहतो.

आजही पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटरींत हीच रचना असते, मग कंपनी कोणतीही असो. म्हणून ही माहिती एका जुन्या गाडीपुरती नाही.

आता ही रचना काय आहे ते पाहू. सुरुवात आपण पिठाच्या गिरणीपासून करू. गिरणीत मोटरीवर लहान पुली असते आणि जात्यावर मोठी. मधून पट्टा फिरतो. मोटरीचे अनेक फेरे होतात तेव्हा जात्याचा एक होतो. जाते सावकाश फिरते, पण जोर वाढतो. आता समजा, ही लहानमोठी मापे आपल्याला पट्टा न उतरवता, चालत्या गिरणीत बदलता आली तर? सुरुवातीला जोर हवा तेव्हा मोटरीची पुली लहान, आणि वेग हवा तेव्हा तीच पुली मोठी. व्हेरिएटर नेमके हेच करतो.

पुली मोठी-लहान कशी होते? तिचे दोन तुकडे केलेले असतात. दोन ताटल्या पालथ्या करून पाठीला पाठ लावल्या तर मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होते. त्या खाचेत पट्टा बसतो. ताटल्या एकमेकींपासून दूर असल्या की खाच रुंद होते आणि पट्टा खोल, म्हणजे मध्याजवळ उतरतो. ताटल्या जवळ आल्या की खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो. पट्टा वर चढला म्हणजे पुली मोठी झाली. एवढीच युक्ती. हॉलंडमध्ये आइंडहोव्हन येथील डाफ कंपनीने १९५८ साली अशीच रचना मोटारगाडीत घालून लोकांपुढे ठेवली होती.

आता या ताटल्या जवळ कोण आणतो? इथे गोफण आठवा. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकताना गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो. जितकी जोरात फिरवाल तितकी ओढ अधिक. व्हेरिएटरच्या आत असेच लहान लहान रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर पळतात. बाहेर जाताना त्यांना एका उतरत्या छपरासारख्या पत्र्याखालून जावे लागते. तिथे ते अडकून ताटलीला रेटा देतात आणि ताटली सरकते. पट्टा वर चढतो.

पट्ट्याची लांबी मात्र ठरलेली. पुढे तो वर चढला की मागे त्याला खोल उतरावेच लागते. मागच्या चाकाजवळ दुसरी अशीच दोन तुकड्यांची पुली असते. तिला एक जाड स्प्रिंग दाबून धरते. पुढून पट्टा ओढला गेला की स्प्रिंग दबते आणि ती पुली उघडते. आकड्यांत सांगायचे तर, समजा सुटताना पट्टा पुढच्या पुलीत मध्यापासून २० मिलिमीटरवर आणि मागच्या पुलीत ५० मिलिमीटरवर आहे. इंजिनाचे अडीच फेरे झाले की मागच्या पुलीचा एक. वेग आल्यावर पट्टा पुढे ४० वर गेला आणि मागे ३० वर आला. आता इंजिनाच्या तीन फेऱ्यांत मागच्या पुलीचे चार फेरे. मध्ये कुठेही गियर टाकावा लागला नाही, धक्का बसला नाही.

मागच्या पुलीच्या पुढे आणखी एक टप्पा असतो, तो म्हणजे क्लच. यात ब्रेकसारखे अस्तर लावलेले शू असतात. तेही वेग आल्यावर बाहेर फाकतात आणि भोवतालच्या डब्याला धरतात, त्या डब्याला आपले मिस्तरी क्लच बेल म्हणतात. त्यामुळे इंजिन मंद चालू असताना गाडी जागीच उभी राहते.

थोडक्यात, एका बाजूला रोलरचे वजन आहे, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगची ताकद आहे आणि मध्ये पट्टा आहे. ही एक तराजूच आहे, आणि ती त्या त्या इंजिनाच्या ताकदीला लावलेली असते. दुसऱ्या कंपनीचा व्हेरिएटर बसवणे म्हणजे या तराजूचे एक पारडे बदलणे. हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते.

इथे कोणी विचारील, "अहो, विहिरीवरच्या मोटरीची बेअरिंग तर आम्ही कुठल्याही कंपनीची घालतो. मग इथे काय अडते?" प्रश्न रास्त आहे. बेअरिंगवर ६२०४ असा आकडा असला की ती कोणत्याही देशातली असो, तिचे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ असायचीच. मळणीयंत्राला बी जातीचा पट्टा लागतो. तो कोणाचाही घ्या, माथ्यावर रुंदी सुमारे १७ मिलिमीटर. जगाने बसून ही मापे ठरवली आहेत. याला प्रमाणीकरण म्हणतात. त्यामुळेच एका कंपनीचा माल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात निर्धास्त घालता येतो. स्कूटरच्या व्हेरिएटरला असे जगाने ठरवलेले माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या इंजिनाजोगा तो घडवते. तेव्हा जिथे प्रमाण ठरलेले आहे तिथे आकडा वाचून भाग घ्यावा, जिथे ठरलेले नाही तिथे मोजून घ्यावा. ही गोष्ट व्हेरिएटरलाच नव्हे, प्रत्येक यंत्राला लागू आहे.

मग मोजायचे काय? तीन गोष्टी. बैठक, ओळ आणि वजन.

पहिली बैठक. इंजिनाच्या क्रँकच्या टोकाला दाते असतात. पुलीची बाहेरची ताटली, जिला पंख्यासारखी पाती असल्यामुळे काही जण फॅन म्हणतात, ती या दात्यांवर बसते. दात्यांची संख्या, जाडी आणि लांबी तंतोतंत जुळली पाहिजे. 'थोडी ढिली आहे, पण नटाने बसेल' असे म्हणणे म्हणजे पुढच्या अपघाताला आमंत्रण देणे. ढिला भाग प्रत्येक धक्क्याला खुळखुळतो आणि काही दिवसांत दाते गुळगुळीत होतात. मग नुसती पुली बदलून भागत नाही, क्रँक बदलावा लागतो, म्हणजे इंजिन उघडावे लागते. जिथे थोडे पैसे वाचवायला गेलो तिथे इंजिनाची मजुरी अंगावर येते.

बैठकीतला दुसरा भाग म्हणजे मधली नळी, मिस्तरींच्या भाषेत बुश. आतली ताटली या बुशवर सरकते, आणि नट आवळल्यावर बाहेरची ताटली बुशच्या तोंडावर घट्ट टेकते. दुसऱ्या कंपनीचा बुश अर्धा मिलिमीटर जरी आखूड निघाला तरी ताटली त्यावर टेकण्याऐवजी दुसरीकडेच कुठे तरी टेकू शकते. वरून नट घट्ट वाटतो, आत मात्र पकड नसते. म्हणून जुना बुश आणि नवा बुश व्हर्निअरने मोजून शेजारी शेजारी ठेवा. बाहेरचा व्यास, आतले भोक, लांबी, तिन्ही पाहा.

याच ठिकाणी एक चूक चांगल्या चांगल्या मिस्तरींकडून होते, ती मूळ भाग घालतानाही होते. नट आवळताना पट्टा पुढच्या पुलीत वर चढलेला असला तर तो दोन ताटल्यांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागला असे वाटते, पण ताटली बुशवर टेकलेलीच नसते, ती पट्ट्यावर टेकलेली असते. गाडी सुरू होताच पट्टा खाली सरकतो, आणि नट एकदम ढिला. उपाय सोपा आहे. आवळण्याआधी मागची पुली हाताने फाकवून पट्टा तिच्यात खोल दाबावा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. मग नट आवळावा. आणि किती आवळावा? अंदाजाने नव्हे. दाते आणि आटे इंजिनाचे आहेत, तेव्हा त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला आकडा धरून मोजमापाच्या पान्याने आवळावा.

दुसरी गोष्ट ओळ. बैलगाडीला जू वाकडे बांधले तर बैल एका अंगाला ओढतो आणि मान सोलून निघते. पट्ट्याचेही तसेच. पुढची आणि मागची पुली एका ओळीत हवी. गंमत अशी की वेग वाढताना पुढे आतली ताटली बाहेर सरकते, आणि मागे बाहेरची ताटली बाहेर उघडते. म्हणजे पट्टा दोन्हीकडे एकाच अंगाला सरकतो आणि सरळ राहतो. आराखडा करणाराने हे मुद्दाम साधलेले असते. दुसऱ्या कंपनीची ताटली दोन मिलिमीटर जाड निघाली तर हा मेळ बिघडतो. पट्टा तिरका चालतो, एका कडेने झिजतो, झाकणात काळी भुकटी साठते. ओळ पाहायला लोखंडी फूटपट्टी पुलीच्या कडेला लावून जुन्या भागांनिशी आधी माप घ्यावे, लिहून ठेवावे, आणि नवा भाग घालून तेच माप पुन्हा घ्यावे. जुने सगळे उतरवून टाकल्यावर मग माप कशाशी ताडणार? म्हणून आधी मोजा, मग उतरवा.

पट्टाही याच सदरात येतो. खाचेचा कोन वेगळा असेल तर पट्टा पूर्ण अंगाने टेकत नाही, नुसत्या कडेवर चालतो आणि तापतो. रुंदीतला फरक तर वरून दिसतही नाही. या खाचेच्या उताराचा हिशेब असा की पट्टा एक मिलिमीटर अरुंद असेल तर तो सुमारे दोन मिलिमीटर खोल बसतो. पुढेही खोल, मागेही खोल, म्हणजे पट्टा लोंबकळतो आणि सुटताना गाडी धक्के देते. जुना झिजलेला पट्टा असाच वागतो. तेव्हा व्हेरिएटर एका कंपनीचा, पट्टा दुसरीचा आणि मागची पुली तिसरीची, असा काला करू नये. बदलायचेच असेल तर शक्यतो पुढची पुली, पट्टा आणि मागची पुली हा संच एकाच गाडीचा घ्यावा. तो संच आपसात तरी जुळलेला असतो. मात्र दोन पुल्यांमधले अंतर आपल्या इंजिनाचे असते, तेव्हा त्या संचाच्या पट्ट्याची लांबी त्या अंतराला जुळते की नाही आणि मागच्या पुलीची बैठक जुळते की नाही, हे मोजावेच लागते. जुळत नसेल तर तिथेच थांबावे.

तिसरी गोष्ट वजन. आता शिक्षक मित्रांसाठी थोडे गणित. फिरणाऱ्या वस्तूची बाहेरची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट, वेग तिप्पट तर ओढ नऊपट. वजनाच्या बाबतीत मात्र ती सरळ प्रमाणात वाढते. समजा, मूळ रोलर १० ग्रॅमचे होते आणि इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर असताना ते स्प्रिंगला हरवीत होते. नव्या व्हेरिएटरचे रोलर ८ ग्रॅमचे निघाले. बाकी सगळे सारखे धरले तर तेवढाच रेटा द्यायला इंजिनाला किती फिरावे लागेल? दहा भागिले आठ म्हणजे सव्वा. सव्वाचे वर्गमूळ सुमारे १.१२. म्हणजे ५,६०० च्या आसपास. इंजिन अधिक किंचाळते, गाडी चढावर चपळ वाटते, पण पेट्रोल अधिक खाते. उलट रोलर जड असले तर पट्टा फार लवकर वर चढतो. सपाटीला गाडी शांत चालते, पण दोन कॅन दूध लादून चढ आला की इंजिन धापा टाकते. जड गाडी तिसऱ्या गियरमध्ये उचलावी तसे होते. म्हणून रोलर सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावेत, आणि सगळे सारख्या वजनाचे आहेत ना तेही पाहावे.

हे मुलांना वर्गात दाखवता येते. संपलेल्या पेनची रिकामी नळी घ्या. तिच्यातून दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर बांधा, खालच्या टोकाला दोन-तीन लोखंडी वॉशर. मोकळ्या पटांगणात, बाकीच्यांना दूर उभे करून, नळी हातात धरून खोडरबर डोक्यावर फिरवा. वेग वाढला की वॉशर वर उचलले जातात. खोडरबर म्हणजे रोलर, वॉशर म्हणजे स्प्रिंग. आता अर्धे खोडरबर बांधा. तेवढेच वॉशर उचलायला अधिक वेगाने फिरवावे लागते, हे मुलांच्या हातालाच कळते. मग फळ्यावर वर्गमूळ काढा. असे गणित मुले विसरत नाहीत.

हा प्रश्न आपल्याच नशिबी आहे असे मात्र समजू नका. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या गाड्या असतात. पुढे घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. क्वेबेक प्रांतातल्या वालकूर गावच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ साली अशी लहान, एकट्यादुकट्याने हाकायची गाडी विकायला काढली. त्या गाड्यांत वेग बदलायला हीच दोन तुकड्यांच्या पुलीची रचना असते. फरक एवढाच की तिथे पुढची पुलीच क्लचचे कामही करते. इंजिन मंद असताना तिच्या ताटल्या पट्ट्याला धरीतच नाहीत. म्हणून तिला ड्राइव्ह क्लच म्हणतात. तिकडचे हौशी मिस्तरीही एका कंपनीचा ड्राइव्ह क्लच दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसवतात, आणि त्यांनाही हेच तीन प्रश्न सोडवावे लागतात. तिथे दात्यांऐवजी क्रँकचे टोक निमुळते असते. समजा, निमुळतेपणा दहास एक आहे, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने उतरतो. क्लचच्या भोकाचा उतारही तितकाच हवा. थोडा जरी कमीजास्त असला तर क्लच साऱ्या अंगाने न बसता एका कड्यावरच बसतो आणि सुटतो. म्हणून जाणता माणूस टोकाला निळ्या शाईचा पातळ हात देतो, क्लच बसवून काढतो आणि शाई सगळीकडे सारखी उमटली का ते पाहतो. आपल्याकडचे लेथवालेही ही परीक्षा जाणतात. आपल्याकडे ऊन आणि धूळ, तिकडे बर्फ; पण लोखंडाचा नियम दोन्हीकडे एकच.

आता समजा, तिन्ही गोष्टी जुळल्या आणि भाग बसवला. तरी लगेच बाजाराला निघू नका. एक सोपी परीक्षा करा. पुलीच्या ताटलीवर मध्यापासून कडेपर्यंत स्केचपेनने एक सरळ रेघ ओढा. झाकण लावा. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणाला न बसवता, थोडे अंतर फिरून या. झाकण उघडा. जिथपर्यंत पट्टा चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली दिसेल. खालच्या टोकाला पुसली नसेल तर पट्टा पुरेसा खोल उतरत नाही, वरच्या टोकाला पुसली नसेल तर पुरता चढत नाही. यंत्राने आपल्या हाताने लिहिलेले हे उत्तर आहे. शंभरेक किलोमीटर चालल्यावर झाकण पुन्हा उघडून नट, पट्ट्याच्या कडा आणि काळी भुकटी पाहा. ती भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. झाकण काढून इंजिन जोरात चालवू नका. पट्टा तुटला तर त्याचा फटका हाताला किंवा तोंडाला बसतो.

इतकी काळजी कशासाठी, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण गॅरेजात दिसत नाही, घाटात दिसते. पाथर्डीच्या वाटेवर करंजीचा घाट आहे, संगमनेरजवळ चंदनापुरीचा घाट आहे. घाट उतरताना आपण कान सोडला की इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. ही धरण पट्ट्यामधून येते. पट्टा तुटला किंवा पुली दात्यांवरून सुटली की ती धरण त्याच क्षणी जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे घरचे माणूस बसलेले असते, पुढे दुधाचे कॅन असतात. तिथे 'बसत असेल तर बसव' या शब्दांची खरी किंमत कळते.

तेव्हा काका लोकांनी मिस्तरीला काय सांगावे? प्रथम, आपल्याच गाडीचा मूळ भाग, अगर तिच्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा, ज्याचा भाग क्रमांक तोच आहे असा, मिळतो का ते पाहायला सांगावे. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला असेल. तो मिळालाच नाही तर दुसऱ्या कंपनीचा भाग चालेल, पण बैठक, ओळ आणि वजन मोजून. आणि तीन गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा. दाते कानशीने घासून बसवणे नको. ढिलेपणा भरायला पत्र्याची चकती किंवा डब्याचा तुकडा नको. आणि पुलीला वेल्डिंगचा टाका नको. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या भागावर यातले काहीही टिकत नाही.

आणि मिस्तरी मंडळींनाही एक विनंती. आपल्या हातात कसब आहे, यात शंका नाही. त्या कसबाला एका व्हर्निअरची, एका लहान काट्याची आणि एका वहीची जोड द्या. कोणत्या गाडीचा बुश किती लांब, कोणाचे रोलर किती ग्रॅमचे, कोणाचा पट्टा किती रुंद, हे मोजाल तेव्हा वहीत टिपून ठेवा. वर्षभरात ती वही तुमच्या गॅरेजातले सर्वांत मोलाचे हत्यार होईल. मग पुढच्या वेळी काकांनी "बसतोय का?" असे विचारले, तर तुम्हाला "बघू" म्हणावे लागणार नाही. वही उघडून 'हो' किंवा 'नाही' असे सरळ सांगता येईल. आणि 'नाही' म्हणालात तरी काकांनी रागावू नये. त्या दिवशी गाडी घरी राहील, दूध शेजाऱ्याच्या गाडीवरून जाईल, पण माणूस घाटातून सुखरूप घरी येईल.